लिंक पाठवली, पुढे काय?

(सावित्रीबाई फुले यांच्या स्मृतिदिनानिमित्त चांदे, ता. मुळशी, जि. पुणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



1897 साली पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाईंचे दत्तकपुत्र डॉ. यशवंतराव फुल्यांनी गावाबाहेर मोकळ्या माळावर रुग्णांसाठी दवाखाना उघडला. त्या दवाखान्यात रुग्ण पोचवता पोचवता सावित्रीबाईंनाच लागण झाली आणि 10 मार्चला त्या गेल्या. 2020 साली हा स्मृतिदिन धुळवडीच्या दिवशी आला होता. आदल्या दिवशी, ऐन होळीला, राज्यातले पहिले दोन कोरोनाबाधित रुग्ण पुण्यात सापडल्याची बातमी आली. त्यानंतर सगळे फार भराभर घडले. शहरांतल्या शाळा बंद झाल्या, 20 मार्चला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर झाले, आणि दहावीचा 23 मार्चचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग झालाच नाही. त्या वर्षीच्या मुलांच्या गुणपत्रिकेत भूगोलाचे गुण सरासरीने आलेले आहेत.

आयोजकांनी विषय माझ्यावर सोपवला, तेव्हा मी शाळा बंद पडण्याचा हा विषय निवडला. एकदोघे म्हणाले, सर, ते जाऊ द्या आता, लोकांना ते दिवस आठवायला नको वाटतात. त्यांचे खरे आहे. पण शाळा त्यानंतरही बंद पडल्याच. जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनमुळे पडल्या. जुलै 2024 च्या अतिवृष्टीत पुणे शहरासह मुळशी-मावळात सुट्टी द्यावी लागली, ती दोनेक दिवसांचीच होती, पण उद्या आठवड्याची होणार नाही असे घाटाखालच्या आणि घाटावरच्या कुणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. शाळेचे दार बंद झाले की शिकणे घरी जाते. तिथे मुलाला कोण धरते आणि मास्तरांना कोण धरते, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात आपल्याच शिवारापासून करू. इथून हिंजवडीचे आयटी पार्क किती जवळ आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको, तिथल्या गाड्यांचा ट्रॅफिक तुमच्या रस्त्यांवर येतो. मार्च 2020 मध्ये त्या कंपन्यांनी काय केले? काही दिवसांत माणसे लॅपटॉपसह घरी पाठवली. मशीन बिघडले तर फोन करायला एक माणूस नेमलेला. अनेक कंपन्यांनी घरच्या इंटरनेटचे पैसे दिले, काहींनी खुर्चीचेही दिले. काम घरून करायचे तर घरी काय काय लागेल, याचा विचार मालकाने करायचा असतो, हे तिथे कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

त्याच महिन्यात, त्याच शिवारातल्या शाळेतल्या बाईंना काय मिळाले? एक संदेश, वर्ग ऑनलाइन घ्या असा. फोन त्यांचा, रिचार्ज त्यांचा, फळा म्हणून घरातल्या कपाटाचे दार. मुलांना तर तेवढेही नाही. माण-हिंजवडीच्या इमारती बांधणाऱ्या मजुरांची मुले त्या वर्षी कुठे होती, याचा शोध घ्यायला गेले तर त्यातली कितीतरी मेमध्येच श्रमिक रेल्वेने आईबापांबरोबर निघून गेलेली. बांधकामावरच्या मुलांना शिकवण्याचे काम डोअर स्टेप स्कूल ही संस्था वर्षानुवर्षे करते आहे. रजनी परांजपे आणि बीना शेठ लष्करी यांनी ती 1988 मध्ये मुंबईत सुरू केली आणि पुढे पुण्यात आणली. साइटवरच वर्ग भरवायचा, हे तिचे सूत्र. पण साइटच रिकामी झाली तर वर्ग कुठे भरवणार?

आणि तालुक्याच्या पश्चिमेला वेगळेच. धरणाच्या पाण्यामागच्या वाड्या, ताम्हिणीकडचे धनगरवाडे. तिथे प्रश्न फोनचा नंतर, रेंजचा आधी. त्यात 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. अलिबागकडून वर चढलेल्या त्या वाऱ्याने मुळशी-मावळातली घरांची छपरे उडवली, विजेचे खांब पाडले. त्यानंतर बारा दिवसांनी, 15 जूनला, नवीन शैक्षणिक वर्ष सुरू झाले. कागदावर.

आता सरकारने काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही, ते खोटे होईल. पुण्यातल्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिलमध्येच ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. दीक्षा ॲपवर धडे होते, बालभारतीची पुस्तके पीडीएफमध्ये फुकट होती. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ आली, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची, पहिली ते आठवीसाठी. मला ती मनापासून आवडली. तिला इंटरनेट लागत नव्हते, आणि धडा वाचून दाखवण्याऐवजी ती मुलाला घरातच काहीतरी करायला सांगत होती. नागपूर विभागात ‘प्रथम’ संस्थेने आणि आकाशवाणीने ‘शाळेबाहेरची शाळा’ चालवली. अभ्यासक्रम 25 टक्क्यांनी कमी केला. लहान मुलांनी पडद्यासमोर किती वेळ बसावे याची मर्यादा घातली, पूर्वप्राथमिकला दिवसाला अर्धा तास.

म्हणजे पाठवायचे ते सगळे पाठवले. अडले ते पुढे. टीव्हीवरचा तास मुलासाठी थांबत नाही, आणि मूल कुठे अडले हे टीव्हीला कळत नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर लिंक टाकली की टाकणाऱ्याचे काम झाले असे नोंदवले जाते. सप्टेंबर 2020 मध्ये ‘असर’ या शैक्षणिक अहवालासाठी देशभर फोनवरून पाहणी झाली, तेव्हा ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हा आकडा 36.5 होता. वाढ केवढी, म्हणून त्याचे स्वागत झाले. पण घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हातात सकाळी दहा वाजता असणे यात कितीतरी अंतर आहे. बाप फोन घेऊन पिरंगुटच्या कारखान्यात जातो. संध्याकाळी सातला येतो, तेव्हा चार्जिंग आठ टक्के. तीन भावंडे असतील तर पहिला नंबर मोठ्या मुलाचा, कारण त्याची दहावी. मुलीचा शेवटचा, आणि तेवढ्यात डेटा संपतो. हे मी कुठल्या अहवालातून सांगत नाही, अशी घरे या सभागृहातल्या प्रत्येकाने पाहिली आहेत.

महाराष्ट्राला हे अंतर आधी माहीत नव्हते का? होते, आणि चांगले माहीत होते. म्हणून मला राग येतो.

1 जुलै 1989 ला नाशिकमध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू. घरी बसून शिकणारा विद्यार्थी हाच तिथला नेहमीचा विद्यार्थी. दुकानात काम करणारा, शेती करणारा, लग्नानंतर शाळा सुटलेली. मी माझ्या नोकरीबरोबर काही वर्षे रविवारी एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक, म्हणून जात असे, तेव्हा त्या रचनेचे शहाणपण मला जवळून दिसले. विद्यार्थ्याला पुस्तके घरी मिळत, आणि ती स्वतःची स्वतः शिकता यावीत अशीच लिहिलेली असत. तरी विद्यापीठ तेवढ्यावर थांबले नव्हते. जवळच्या गावात अभ्यासकेंद्र, तिथे संपर्कसत्रे, आणि समोर एक माणूस. संपर्कसत्रात धडा शिकवायचा नसे. कुठे अडलंय ते विचारायचे, स्वाध्याय पाहायचा, फॉर्म भरायला मदत करायची, आणि खरे सांगायचे तर पुष्कळदा नुसते ऐकून घ्यायचे. सासूला अभ्यास पसंत नाही, मालक परीक्षेची रजा देत नाही, मुलगा तापाने फणफणलाय. एखादी बाई दोन रविवार दिसली नाही तर तिच्या गावाकडून येणाऱ्या दुसरीला विचारायचे. मुक्त विद्यापीठातही गळती होती, ती काही स्वर्गीय संस्था नव्हे. पण जो टिकला तो बहुतेक वेळा पुस्तकामुळे टिकला नाही, कुणीतरी त्याची वाट पाहत होते म्हणून टिकला.

तीस वर्षांचा हा अनुभव आपल्याच राज्यात, आपल्याच भाषेत पडून होता. 2020 मध्ये आपण त्यातली पुस्तके घेतली, आणि समंत्रक विसरलो. तेही प्रौढांच्या बाबतीत नव्हे, सहा वर्षांच्या पोरांच्या बाबतीत.

याच्याही मागे जाता येईल. 1855 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण शिकणाऱ्याला दिवसा सवड नव्हती. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, गुरे चरतात तिथेच शाळा. दोघींकडे ना रेंज होती ना ॲप. शिकणारा येऊ शकत नसेल तर शिकवणाऱ्याने चालत जायचे, एवढेच त्यांना ठाऊक होते.

कोरोनाच्या काळात जिथे जिथे काही जमले तिथे हेच दिसते. मोखाड्याकडच्या आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली. ध्वनिमुद्रित धडे भोंग्यावर. ऐकायला ते यंत्राचे काम वाटते, पण तो भोंगा कार्यकर्ते पाड्यापाड्याला घेऊन जात होते, मुले लांब लांब बसवत होते. सोलापुरात नीलमनगर या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. अक्षरे, पाढे, आकृत्या, सगळे रस्त्यावर. मूल येता-जाता वाचते, आणि शिक्षक गल्लीतून फेरी मारतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी शिक्षकांनी मंदिराच्या ओट्यावर, समाजमंदिरात, झाडाखाली पाच-पाच मुले बसवून शिकवले. त्यांची नावे कुठे छापून आली नाहीत. 2020 च्या डिसेंबरात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि आपण सगळे आनंदलो, ते योग्यच होते. पण एका गुरुजींचा सत्कार केला की बाकीच्यांना रिचार्जचे पैसे देण्याची जबाबदारी संपते, असे काहीसे आपल्या मनाने घेतले.

तर आता शिक्षकांकडे वळतो. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण विद्यार्थ्यांच्या हालांवर पुष्कळ बोलले गेले, शिक्षकांच्या वाट्याला बहुतेक विनोदच आले. घरबसल्या पगार खातात, हा त्यातला सगळ्यात स्वस्त.

प्रत्यक्षात काय चालले होते? जिल्हा परिषदेचा शिक्षक तपासणी नाक्यावर उभा होता, रेशन दुकानावर होता, प्रतिबंधित क्षेत्रात दारोदार नोंदी घेत होता. 15 सप्टेंबरला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, त्यातही तो होता. कोविडच्या कामावर मृत्यू आला तर कुटुंबाला 50 लाख, असे जाहीर झाले होते. ते काम करून घरी आला की ऑनलाइन तास, आणि तास संपला की माहिती भरा. किती मुले जोडली, किती नाहीत, का नाहीत, आजच्या आज, तक्त्यात, केंद्रप्रमुखांकडे. त्या तक्त्यांत शिक्षकाला तुम्ही कसे आहात हे विचारणारा रकाना मी पाहिला नाही.

शिक्षिकांचे आणखी निराळे. घरात दोन फोन. एकावर बाईंचा वर्ग, दुसऱ्यावर स्वतःच्या मुलाचा, मागे कुकरची शिटी, आणि सासरे विचारताहेत चहा कधी. त्यांचा नंबर सगळ्या पालकांकडे गेला, आता रात्री अकराला गृहपाठाचा फोटो येतो, आणि कधीकधी नको ते संदेश येतात. वर्गाची लिंक बाहेर गेली की कुणीही अनोळखी आत शिरून घाणेरडे बोलतो, चाळीस मुलांसमोर. अशा वेळी कुणाला फोन करायचा, हे शाळांनी आधी ठरवून दिलेले नव्हते. पलीकडच्या हिंजवडीतल्या कंपनीत हे झाले असते तर दहा मिनिटांत तिथला माणूस कामाला लागला असता.

खासगी विनाअनुदानित शाळांत पगार कापले गेले, काही ठिकाणी महिनोन्महिने मिळाले नाहीत. पालकांनी फी भरली नाही, कारण त्यांचेही पगार कापलेले. 12 ऑगस्ट 2021 ला शासनाने 2021-22 च्या फीमध्ये 15 टक्के कपातीचा आदेश काढला. पालक म्हणून मला तो पटतो. पण त्या आदेशासोबत शिक्षकांच्या पगाराची हमी घ्यायला हवी होती, ती कुणी घेतली नाही, आणि संस्थाचालकांना हात वर करायला निमित्त मिळाले. फळे विकणारे, रिक्षा चालवणारे पदवीधर मास्तर आपण त्या काळात पाहिले. शाळेच्या बसचे चालक, मावशी, शिपाई यांचे नाव तर चर्चेतही नव्हते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना तेव्हा महिन्याला 1500 रुपये मानधन होते. मुलांना कोरडा शिधा वाटला गेला, चांगलेच झाले. पण शिधा मोजायला, पुड्या बांधायला त्याच ताई होत्या.

खचलेल्या माणसाने खचलेल्या मुलाला आधार द्यावा, अशी आपण अपेक्षा केली. काहींनी दिलाही. त्याला व्यवस्था म्हणत नाहीत.

मुलांविषयी एकच गोष्ट सांगतो. वर्गात कॅमेरा बंद ठेवला म्हणून बोलणी खाल्लेली पुष्कळ मुले होती. दहा बाय दहाच्या खोलीत आजी झोपलेली, भिंतीला टांगलेले कपडे, आई चुलीपाशी, हे सगळे वर्गाला दाखवायचे नव्हते म्हणून ते पोर कॅमेरा बंद ठेवत होते. सिंधुदुर्गात एका मुलीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून पावसात अभ्यास केला, त्याच्या बातम्या झाल्या, जिद्दीला सलाम वगैरे. जिद्द होतीच. पण त्या गावात टॉवर का नाही, हा प्रश्न आपल्या सलामात बुडाला.

परिणाम पुढे मोजले गेले. अझीम प्रेमजी विद्यापीठाने जानेवारी 2021 मध्ये पाच राज्यांतल्या सोळा हजारांवर मुलांची पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आपण त्यात बसलो नसतो असे समजायचे कारण नाही. 92 टक्के मुले भाषेतले किमान एखादे आधी येणारे कौशल्य गमावून बसली होती. 2022 च्या ‘असर’मध्ये, देशाच्या ग्रामीण भागात, तिसरीतली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले 27.3 टक्क्यांवरून 20.5 टक्क्यांवर आलेली. राज्याने जुलै 2021 मध्ये मागचे राहिलेले भरून काढणारा सेतू अभ्यास सुरू केला, पण तो सुरू झाला तेव्हा बहुतेक शाळा अजून बंदच होत्या, म्हणजे सेतूही लिंकवरूनच गेला. आणि ज्या फोनसाठी आपण धडपडलो तो आता हातातून सुटेना. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये त्यावर गावपातळीवरचा इलाज काढला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुले अभ्यासाला बसतात. मला त्यातले आवडले ते हे की मुलांबरोबर मोठ्यांचेही फोन बंद होतात.

गाव ठरवू शकते, हे त्यावरून दिसते. आणि गावाकडे अधिकार आहेत. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यात पालक बहुसंख्य आहेत. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हे पैसे शिलाई मशिनवरच संपले पाहिजेत असे कुठे लिहिलेले नाही. चांद्यासारख्या गावात, जिथे जमिनींचे भाव आणि इमारती दोन्ही चढत आहेत, ग्रामपंचायत अगदीच गरीब नसावी असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर सरपंचांनी नंतर माझा कान धरावा.

1 मेला ग्रामसभा असते. त्या सभेत हा विषय घ्या, अशी माझी विनंती आहे. शाळा बंद पडली तर कोणत्या वस्तीवर, कोणत्या घराच्या ओट्यावर किती मुले बसतील, हे आजच ठरवा. मजुरांच्या खोल्यांतली मुले त्या यादीत धरा, ती मतदार नसलेल्यांची मुले असली तरी. प्रत्येक वस्तीसाठी एका जबाबदार माणसाचे नाव लिहा. गावात निवृत्त शिक्षक आहेत, कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत, हिंजवडीत कामाला जाणारे आणि शनिवारी घरी असणारे इंजिनिअर आहेत. त्यांच्याकडून लॅपटॉप दान मागू नका, आठवड्याचे दोन तास मागा. आणि ठरावात एक ओळ शिक्षकांसाठी घाला. शाळा बंद असतील त्या काळात गावातल्या शिक्षकांचा रिचार्ज ग्रामपंचायत भरेल, रात्री आठनंतर त्यांना कुणी फोन करणार नाही, आणि त्यांना त्रास झाला तर समितीचे अध्यक्ष स्वतः पोलीस ठाण्यात जातील. पोषण आहाराच्या ताईंचे मानधन त्या काळात थकणार नाही, हेही त्याच ओळीत येऊ द्या.

ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पौडला पाठवा, आणि एक मला पाठवा. शेजारच्या गावांत व्याख्यानाला बोलावतील तेव्हा मी ती वाचून दाखवीन.